नारळ, करार आणि शेवटचं कलम

अभ्यासवर्गात आपण कविता वाचतो, कथा वाचतो. या वेळी मी एक रूक्ष मजकूर निवडला आहे: फुटबॉल प्रशिक्षकाचा करार. त्याचं कारण लेखाच्या शेवटी येईलच.

आधी शब्द

माणसाला कामावरून काढण्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती, डच्चू आणि सगळ्यांत गोड म्हणजे नारळ. क्रीडापानावर ‘प्रशिक्षकाला नारळ’ असा मथळा आला की आपल्याला वाटतं, विषय संपला. खरं तर हिशेब तिथून सुरू होतो. कराराची मुदत बाकी असताना माणसाला काढलं, तर उरलेल्या महिन्यांच्या पगाराचं काय? त्याबद्दल जी रक्कम देऊन करार मिटवतात, तिला बायआउट म्हणतात. मराठीत ‘करारमुक्तीची भरपाई’ म्हणता येईल. हा शब्द माझाच आहे, चांगला सुचला तर कळवा.

आपल्याकडचं उदाहरण

क्रोएशियाचे इगोर स्टिमाच मे २०१९ मध्ये भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा करार जून २०२६ पर्यंत वाढवला गेला. पुढच्याच जानेवारीत आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ असं हरवलं. ११ जूनला कतारकडून तेवढ्याच फरकाने हार झाली आणि विश्वचषक पात्रतेची वाट बंद झाली. १७ जून २०२४ ला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने स्टिमाच यांना दूर केलं.

इथवर साधी गोष्ट. पण कराराला अजून दोन वर्षं बाकी होती, आणि महासंघाला तो सहज संपवता येईल असं कलम त्यात नव्हतं. स्टिमाच यांनी सुमारे ९ लाख २० हजार डॉलरचा दावा केला. शेवटी ४ लाख डॉलरवर, म्हणजे साधारण ३ कोटी ३६ लाख रुपयांवर, तडजोड झाली. जे वाक्य लिहिलंच गेलं नाही, त्याची ही किंमत!

यामागचा नियम समजून घेऊ. फिफाने २०२१ पासून प्रशिक्षकांच्या करारांसाठी वेगळी नियमावली लागू केली आहे. रास्त कारणाशिवाय काढलं, आणि करारात भरपाई ठरलेली नसेल, तर उरलेल्या मुदतीचा पगार हा भरपाईचा पाया धरतात. त्या काळात प्रशिक्षकाला दुसरी नोकरी लागली, तर तिथला पगार त्यातून वजा होतो. आणि मुख्य म्हणजे, नुसतं सामने हरणं हे सहसा रास्त कारण ठरत नाही.

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल

तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हाताने खेळायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढलं. भरपाई होती सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर, आपले सहाशे कोटींहून जास्त रुपये! ही रक्कम २०३१ पर्यंत हप्त्यांनी द्यायची आहे, आणि त्यांना दुसरीकडे काम मिळालं तरी एक पैसाही वजा होणार नाही, असं करारातच लिहिलेलं. जागी आले माइक एल्को. ते तेव्हा ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक होते, पण त्याआधी याच विद्यापीठात फिशर यांच्या हाताखाली काम करून गेले होते. म्हणजे शोध जगभर घेतला तरी माणूस घरातलाच सापडतो.

बदली माणूस शोधताना

आपल्याकडेही जवळपास तेच झालं. स्टिमाच यांच्या जागी मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवाचं काम सांभाळून. एका माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या! जुलै २०२५ मध्ये ते परस्परसंमतीने बाजूला झाले आणि या वेळी भरपाईचा प्रश्न आला नाही. मग १७० अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाचे झावी यांच्या नावाचाही एक होता, तो बनावट निघाला. १ ऑगस्टला निवड झाली खालिद जमील यांची. मुंबई एफसीला अनेक वर्षं घडवणारे आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे हेच ते. गोव्याचे साव्हियो मदेरा यांच्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं.

तरी ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि आशियाई चषकाची संधी गेली. दीड वर्षात तीन प्रशिक्षक झाले, पण दुखणं बाकावर बसणाऱ्या एका माणसापुरतं नव्हतं.

आणि आमच्या ग्वाल्हेरला

आम्ही मूळचे वसईचे. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे ग्वाल्हेरला वाढले. हे गाव म्हणजे प्रशिक्षकांचा कारखानाच. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ मध्ये, इथे लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. इथून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी कितीतरी जण कंत्राटी होतात. मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांत अशा शिक्षकांना आणि क्रीडा अधिकाऱ्यांना ‘अतिथी’ म्हणतात. नियमित माणूस बदलून आला की अतिथी घरी. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं आपण शिकतो. इथे जाण्याची तिथीही ठरलेली नसते.

मी शाळेत डाव्या बाजूने खेळायचे. आमचे सर अशाच कागदावर आले होते, एका खाजगी शाळेत. आंतरशालेय स्पर्धा दोन आठवड्यांवर असताना त्यांना एक इंग्रजी पत्र मिळालं. ते घेऊन सर आमच्या घरी आले. म्हणाले, “बाळा, तुझं इंग्रजी चांगलंय. वाच जरा, पगारवाढीचं आहे का?”

मी वाचलं. पत्रात त्यांच्या नेमणुकीच्या शेवटच्या कलमाचा हवाला होता: सेवा कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता समाप्त करता येईल. मी सोळा वर्षांची होते. मी आधी म्हटलं, “सर, नीट कळत नाहीये.” कळलं होतं. मग हळू आवाजात मराठीत सांगितलं. सरांनी पत्राची घडी केली, आईने दिलेला चहा संपवला आणि “उद्या सरावाला ये, डावा पाय कच्चा आहे तुझा,” म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी मैदानावर ते नव्हते.

स्टिमाच यांच्या करारात काढण्याचं कलम नव्हतं, सरांच्या कागदात तेवढंच होतं. दोघांचेही संघ हरत होते.

या दिवाळीत सर भेटले. आता दुसऱ्या शाळेत आहेत, कागद पुन्हा दर वर्षी नवा. मी त्यांना एक वाक्य लिहून दिलं: ‘काढायचे झाल्यास एक महिन्याची सूचना किंवा एक महिन्याचा पगार.’ त्यांनी ते खिशात ठेवलं. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाले, “अजून दाखवलं नाही गं. हे बघून नेमणूकच दिली नाही तर?”

अभ्यासवर्गासाठी

१. ‘नारळ’, ‘डच्चू’, ‘उचलबांगडी’ या शब्दांत काढणारा दिसतो की काढलेला?
२. घरातल्या कोणाचंही नेमणूकपत्र आणा. शेवटचं कलम सोप्या मराठीत लिहा आणि त्या माणसाला वाचून दाखवा.
३. सरांना तुम्ही काय सांगाल? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.