जुन्या छोट्या ट्रॅक्टरची निवड

मुळा धरणाच्या कालव्यांमुळे नेवासे तालुक्यातील सोनई परिसरात ऊसशेती वाढली. उसाच्या आंतरमशागतीस छोटा ट्रॅक्टर उपयुक्त ठरतो. नवा परवडत नसल्यास अल्पभूधारक जुन्याकडे वळतो. अशा दोन ट्रॅक्टरांतून निवड करताना केवळ रंग व किंमत पाहू नये.

प्रथम सरी मोजावी. चार फुटी सरीत तीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर दोन्ही बाजूंस अर्धा फूट जागा सोडतो. साडेतीन फुटी केवळ पाव फूट. स्वस्त पण रुंद यंत्र उसाचे नुकसानच करील.

इंजिन थंड असतानाच समक्ष सुरू करून पाहावे. सतत निळसर धूर निघणे हे ऑइल जळत असल्याचे, तर ऑइल दुधाळ दिसणे हे त्यात पाणी शिरल्याचे लक्षण होय. नंतर रोटाव्हेटर जोडून प्रत्यक्ष शेतात चालवून पाहावे.

शेवटी नोंदणीपुस्तक तपासावे. त्यावर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत मालकी हस्तांतरणासाठी परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा. अन्यथा पैसे शेतकऱ्याचे जातात आणि थकबाकीपोटी ट्रॅक्टर बँक नेते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी व्यवहारापूर्वी ही कागदपत्रे वाचून समजावून दिल्यास एका कुटुंबाची पुंजी वाचेल.