खानेसुमारी आणि शिरगणती

आपल्या भाषेत जनगणनेला दोन जुने शब्द आहेत. एक खानेसुमारी, दुसरा शिरगणती. ‘खाना’ म्हणजे घर. म्हणून खानेसुमारी ही मुळात घरांची मोजदाद. शिरगणतीत मात्र माणसांची डोकी मोजतात. इयत्ता नववीच्या वर्गात हे दोन शब्द आम्ही अनेक वर्षे फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आलो आणि ते समानार्थी आहेत असेच सांगत आलो. त्यांच्यातील अंतर आम्हांस कळले ते २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री, तेही प्रगणक म्हणून चूक केल्यानंतर. त्या चुकीची हकिकत आणि तिच्यामागचा इतिहास आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत नोंदवावा, असे ठरवले आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. भारतात साऱ्या देशाची एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ सालची. तेव्हापासून २०११पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघरी जाऊन माहिती भरण्यात आली. कुटुंब अनुसूचीत २९ प्रश्न होते. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी मात्र वीस दिवस नव्हते, एकच रात्र होती, २८ फेब्रुवारीची. यामागचे कारण रास्त आहे. ज्याचा पत्ता नाही तो आज येथे, उद्या तेथे. त्याला दोनदा मोजले जाऊ नये आणि एकदाही सुटू नये, यासाठी साऱ्या देशात त्याला एकाच रात्री, तो झोपेल तेथे गाठायचे.

बेघर कोणाला म्हणावे, याची व्याख्याही जनगणनेने दिली आहे. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळ्यांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या उघड्या आवारात, मांडवात किंवा रेल्वे फलाटावर राहणारे ते बेघर कुटुंब. उसाच्या पाचटाची खोपी, जिचे छप्परच जमिनीला टेकलेले असते आणि जिला भिंती नसतात, ती मात्र घरात धरली जाते. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात हंगामात येणारे हजारो ऊसतोड मजूर कागदोपत्री बेघर ठरत नाहीत. चार काठ्यांवर प्लास्टिकचा कागद टाकलेले पाल घर की उघडे, असा प्रश्न आला की प्रगणकाची पंचाईत होते. माहितीपुस्तिका वाचून ती सुटेल, असे आम्हांस प्रशिक्षणात वाटले होते. ती सुटत नाही.

या व्याख्येनुसार २०११ साली देशात १७,७३,०४० माणसे बेघर नोंदली गेली. २००१ साली हा आकडा १९,४३,७६६ होता. म्हणजे एकूण संख्या घटली; परंतु त्याच दहा वर्षांत शहरांतील बेघर ७,७८,५९९ वरून ९,३८,३४८ झाले. गावात निवारा नसलेला माणूस शहराकडे सरकला, असा याचा एक अर्थ लावता येतो. आपल्या महाराष्ट्राचा वाटा सुमारे २ लाख १० हजारांचा होता. हे आकडे कमी आहेत, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात आणि त्याला आधार आहे. दिल्लीत २००० साली ‘आश्रय अधिकार अभियान’ या संस्थेने स्वयंसेवक घेऊन रात्री रस्त्यांवर फिरून मोजणी केली, तेव्हा ५२,७६५ माणसे आढळली. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत दिल्लीत त्याच्या निम्म्याहून कमी नोंद झाली. शहर तेच आणि माणसेही बहुधा तीच. पण मोजणारे कोठे कोठे गेले, यावर आकडा ठरला.

आकड्याला महत्त्व का, हे आंबेडकरी समाजाला निराळे सांगावे लागू नये. १९३२ साली मताधिकार समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हा वाद उभा राहिला. संयुक्त प्रांत, बंगाल यांसारख्या प्रांतांतून आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच, असे सांगण्यात येऊ लागले. कालपर्यंत विहिरीवर ज्यांची सावलीही चालत नव्हती, ते प्रतिनिधित्वाचा प्रश्न येताच एकाएकी दिसेनासे झाले! बाबासाहेबांनी समितीत स्वतंत्र टिपण देऊन या हातचलाखीला उत्तर दिले. धर्मांतरानंतरही तोच अनुभव, उलट्या बाजूने. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ साली बौद्ध म्हणून नोंदलेली माणसे अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. त्या रकान्यात ‘बौद्ध’ हा शब्द लिहून घेण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी प्रगणकापुढे किती आग्रह धरला, याच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. आपण स्वतःची गणना भांडून करून घेतलेला समाज आहोत.

आणि निवाऱ्याचे म्हणाल, तर १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यासारख्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून काढलेले दिवस, लाठ्या घेऊन आलेला जमाव, दोन मित्रांनी दिलेला नकार आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत काढलेला वेळ, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या दिवशी शहरात कोणी शिरगणती केली असती, तर बागेतील तो तरुण कोणत्या रकान्यात गेला असता, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो. मुले थोडा वेळ गप्प बसतात.

आता आमची हकिकत. २०११ साली शाहूवाडी तालुक्यात आमची प्रगणक म्हणून नेमणूक झाली. आमच्या गटात घरे होती, वाड्या होत्या आणि मुख्य रस्त्यालगतचा एक उघडा माळ होता. फेब्रुवारीच्या मध्यास त्या माळावर एक कुटुंब उतरलेले आम्ही पाहिले. नवरा, बायको, म्हातारी आणि दोन मुले. पालही नव्हते, एका जुन्या ट्रॉलीच्या आडोशाला तीन दगडांची चूल आणि वळकटी, एवढाच संसार. बेघर कुटुंबाची नोंद २८ तारखेस करायची, हे आम्हांस ठाऊक होते; परंतु काम नीट व्हावे या हौसेने आम्ही २६ तारखेस दिवसाउजेडी तेथे गेलो. बगलेत सरकारी कागदांची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात पेन. नावगाव विचारले. कोठून आलात, किती दिवस राहणार, हेही विचारले. नवऱ्याने उत्तर दिले नाही. म्हातारीने मात्र विचारले, “गुरुजी, रातच्याला कशापायी येणार?” आम्ही तिला जनगणनेचे महत्त्व समजावून सांगितले. फार व्यवस्थित सांगितले, असे तेव्हा वाटले.

२८च्या रात्री पर्यवेक्षकांसह आम्ही निघालो. कृष्णपक्ष संपत आलेला, दोन दिवसांवर महाशिवरात्र; बॅटरीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. बसथांब्यावर एक वृद्ध गृहस्थ मिळाले, देवळाच्या पडवीत दोघे. तिघांचीही अनुसूची भरली. देवळातील एकाने वय विचारल्यावर “तुम्हीच लिवा” म्हटले, म्हणून त्याला दुष्काळाची, निवडणुकांची आठवण देऊन अंदाज काढावा लागला. मग माळावर गेलो. ट्रॉली होती. तीन दगड होते आणि राख विझून गार झाली होती. पर्यवेक्षक म्हणाले, महाशिवरात्रीच्या जत्रेकडे गेले असतील, तिकडचा प्रगणक मोजेल. तसे झालेही असेल. आम्ही त्या वेळी ते मान्य केले, कारण ते मान्य करणे सोयीचे होते. पुढे १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीतही त्यांचा माग लागला नाही. देशाच्या एक अब्ज एकवीस कोटींत ती पाच माणसे आली की नाहीत, हे आम्हांस कधीच कळणार नाही.

त्यांना जत्रेने नेले की आमच्या पिशवीने? इतिहासाचे शिक्षक म्हणून हा प्रश्न आम्हांस आधीच पडायला हवा होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांची नावे नोंदवहीत घेतली गेली. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. आपल्या करवीर संस्थानातही हजेरीची पद्धत होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली आणि फासेपारध्यांसारख्या माणसांना आपल्या विश्वासातली कामे दिली. १९०८ साली त्यांच्याच राज्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. ज्याला हजेरी लावून घरात डांबले जाई आणि ज्याला कोणी घरात घेत नसे, अशा दोघांचाही विचार एकाच राजाने केला. उर्वरित देशात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायदा गेला, तरी वही घेऊन येणाऱ्या माणसाची धास्ती त्याच दिवशी गेली असे नव्हे. ज्यांच्या आजोबांना रात्री पाटलाच्या चावडीवर नाव पुकारून उभे केले जाई, त्यांच्या नातवंडांना आम्ही सांगत होतो की परवा रात्री आम्ही नावे लिहायला येणार आहोत. ते कुटुंब कोणत्या जमातीचे होते, हे आम्ही विचारले नव्हते. तरी म्हातारीचा तो प्रश्न आजही आठवतो.

एक गोष्ट आम्ही तिला सांगायला विसरलो, तीच सर्वांत आवश्यक होती. जनगणना अधिनियम १९४८ प्रमाणे व्यक्तीची माहिती गोपनीय असते. ती कोणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. महत्त्व सांगण्याआधी अभय द्यायला हवे होते.

हे सारे आता लिहिण्यास कारण आहे. २०२१ची जनगणना महामारीमुळे लांबली. पुढील जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७च्या आरंभीची मध्यरात्र असा जाहीर झाला आहे आणि तीत जातींचीही नोंद होणार आहे. या मधल्या काळात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याचे निकष ठरले: सर्वोच्च न्यायालयात २०१० साली आलेल्या प्रश्नानंतर आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली, शहरातील दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांच्या कायम निवाऱ्याची सोय व्हावी, असे प्रमाण घालून देण्यात आले होते. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ साली सुमारे साडेपाच लाख होती. म्हणजे साडेपाचशे माणसांची सोय. ती पुरेशी की अपुरी, हे बेघरांच्या खऱ्या आकड्यावाचून कोण सांगणार? आकडा कमी निघाला की निवारा रिकामा दिसतो आणि रिकामा निवारा चालवायचा कशाला, असे म्हणणारे निघतात. संयुक्त प्रांताची १९३२ सालची युक्तिवादाची तऱ्हा फार जुनी झालेली नाही.

दुसऱ्यांची माहिती अनुसूचीत भरण्याचा अधिकार नेमलेल्या प्रगणकासच आहे. उत्साही मंडळींनी स्वतःची यादी करून लोकांना भंडावू नये, हे प्रथमच स्पष्ट सांगतो. परंतु माणसे रात्री कोठे झोपतात, हे प्रगणकाला कळणे निम्मे काम आहे आणि ते आपल्या माजी विद्यार्थ्यांना कळते. कोणी एस.टी.त वाहक आहेत. शेवटची गाडी लागल्यावर मध्यवर्ती बसस्थानकावर कोण उरते, ते त्यांना ठाऊक असते. कोणी सी.पी.आर. रुग्णालयात परिचारिका आहेत. रुग्णाचे नातेवाईक कोण आणि आवारातच वर्षभर राहणारा कोण, हा फरक त्या सहज करतील. पंचगंगा घाट, रंकाळ्याची कडा, महाद्वार रोडवरच्या बंद दुकानांच्या पायऱ्या, रेल्वे स्थानक. या जागा दिवसा पाहून कळत नाहीत. मलकापूर, बांबवडे, आंबा अशा आपल्याकडच्या ठिकाणांचेही तसेच. प्रत्येकाने आपल्या माहितीतील जागा आणि तेथील माणसांचा अंदाज एवढेच लिहून शाळेकडे पाठवावे. नाव, जात, गाव, छायाचित्र काहीही नको. ही जागांची यादी आम्ही २०२७च्या फेब्रुवारीपूर्वी तहसील कार्यालयाकडे आणि शहरापुरती महानगरपालिकेच्या जनगणना कक्षाकडे देऊ.

त्यासाठी आम्ही एक साधी शंभर पानी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर रस्त्यालगतचा तो माळ लिहिला आहे; आता तेथे अर्ध्या भागावर दुकाने झाली आहेत, उरलेल्या अर्ध्यावर उसाच्या हंगामात अजूनही कोणी ना कोणी उतरते. समोरच्या रकान्यात शेरा आहे: रात्री दहानंतर, ओळखीचे माणूस बरोबर घेऊन. दिवसा जाऊ नये.