बोळक्या तोंडाचे आजोबा

मित्रांनो, आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

"जो बलवान, तोच जगतो!" हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. कबड्डीच्या मैदानावर ऐकतो, पारावर ऐकतो. आदिमानवाची गोष्ट निघाली की तर हमखासच ऐकतो. पण हे कितपत खरे आहे? आज आपण हा प्रश्न कोणा माणसाला विचारायचा नाही. जमिनीतून निघालेल्या हाडांना विचारायचा आहे. हाडे बोलत नाहीत, पण नीट पाहिले तर पुष्कळ सांगतात, बरं का!

किती जुनी गोष्ट?

लाख वर्षे म्हणजे किती, ते डोक्यात शिरत नाही. म्हणून एक युक्ती करू. शाळेच्या दारातून चालायला लागा. एक पाऊल म्हणजे एक हजार वर्षे. आता मोजा. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तो पहिल्या पावलाच्या तिसऱ्या हिश्शातच येतो. गौतम बुद्ध अडीच पावलांवर. माणूस शेती करायला लागला तो दहा-अकरा पावलांवर. तुमच्या-आमच्यासारख्या माणसांची सर्वांत जुनी हाडे मोरोक्को देशात जेबेल इरहूद येथे मिळाली. ती सुमारे तीनशे पावलांवर, म्हणजे ३ लाख वर्षांपूर्वीची. आणि आपले सर्वांत जुने पूर्वज सहा ते सात हजार पावलांवर. तिथवर जायचे तर तीन-चार किलोमीटर चालावे लागेल. म्हणजे तुम्ही शेजारच्या गावात पोचाल!

माकड आपले आजोबा काय?

"माणूस माकडापासून झाला" असे काही जण म्हणतात. ते तसे बरोबर नाही. चुलत भाऊ एकमेकांचे बाप नसतात, पण दोघांचा आजोबा एक असतो. तसेच चिंपांझी आणि आपण. साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत आपले दोघांचे पूर्वज एकच होते. पुढे घरे वेगळी झाली. एक घर झाडांवर राहिले. दुसरे घर हळूहळू जमिनीवर दोन पायांनी चालू लागले. हा बदल एका रात्रीत झाला नाही. त्याला हजारो पिढ्या लागल्या. आणि मधल्या काळात एकच नव्हे, तर माणसाचे कितीतरी प्रकार होऊन गेले.

दोन पायांची कमाल

२४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपिया देशात हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना एका लहानखुऱ्या बाईची हाडे मिळाली. ती ३२ लाख वर्षांपूर्वीची निघाली. त्या रात्री छावणीत टेपरेकॉर्डरवर एक इंग्रजी गाणे वाजत होते. त्यातल्या मुलीचे नाव लुसी. म्हणून हाडांच्या बाईचेही नाव लुसी पडले. तिची उंची साडेतीन फुटांच्या आसपास. पण मांडीचे नि कमरेचे हाड सांगते, की ती दोन पायांवर चालत होती.

त्याहून जुनी खूण टांझानियातील लेटोली येथे आहे. तेथे ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस पडला, आणि त्या ओल्या राखेतून कोणीतरी चालत गेले. नुकत्याच केलेल्या कोब्यावर आपले पाऊल उमटते ना, तसेच! १९७८ साली मेरी लीकी यांच्या पथकाला ही पावले सापडली. ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. त्यात मोठी पावले आहेत आणि त्यांच्या बाजूने गेलेली लहान पावलेही आहेत. म्हणजे ते एकटे-दुकटे हिंडत नव्हते.

दोन पायांवर उभे राहिल्याने हात मोकळे झाले. मोकळ्या हाताने काय करता येते? दगड उचलता येतो, फळे वाहून आणता येतात. आणि सर्वांत मोठे म्हणजे मूल उचलून घेता येते. माकडाचे पिल्लू जन्मल्या जन्मल्या आईच्या केसांना घट्ट पकडते. माणसाच्या बाळाला ते जमत नाही. त्याची मानदेखील दुसऱ्याने धरावी लागते. म्हणजे माणसाची सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या हातावर होते, हो की नाही?

घराबाहेर पडलेले पहिले

पुढे माणसाचे काही पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले. नकाशा नाही, रस्ता नाही. ते काही "चला, परदेशी जाऊ" म्हणून निघाले नव्हते. शिकार, फळे आणि पाणी जिकडे, तिकडे ते सरकत गेले. एका पिढीत दहा-वीस कोस जरी सरकले, तरी हजारो वर्षांत दुसरा खंड गाठला जातो.

काळ्या समुद्राच्या पूर्वेला जॉर्जिया नावाचा देश आहे. तेथे द्मानिसी या ठिकाणी एका जुन्या शहराचे अवशेष खणताना खालून फार फार जुनी हाडे आणि दगडी हत्यारे निघाली. १९९१ साली माणसाचा जबडा मिळाला. नंतर एकूण पाच कवट्या मिळाल्या. त्या सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या. आपल्या हिशेबाने १७७० पावले! या लोकांचे मेंदू आपल्या मेंदूच्या निम्म्याच्या आसपास होते. हत्यारे अगदी साधी. एका गोट्यावर दुसरा गोटा आपटून धारदार छिलका काढायचा, एवढेच. रानात खड्गदंती वाघ फिरत होते. थंडी होती. आणि तेथे चुलीची किंवा जाळाची खूण मिळालेली नाही. म्हणजे जे खायचे ते कच्चेच.

बोळक्या तोंडाचे आजोबा

त्या पाच कवट्यांपैकी एक कवटी म्हाताऱ्याची आहे. तिला एक सुळा सोडला तर एकही दात नव्हता! तुम्ही म्हणाल, मेल्यावर दात पडले असतील. तसे नाही. दात पडल्यावर माणूस जिवंत राहिला, तर हिरडीखालची दाताची खाच हळूहळू हाडाने भरून येते. मेल्यानंतर ती भरत नाही. या कवटीतल्या खाचा भरून गेल्या आहेत. म्हणजे दात पडल्यावर हे आजोबा निदान एक-दोन वर्षे तरी जगले.

आता विचार करा. कच्चे मांस, चिवट कंदमुळे, आणि तोंडाचे झालेले बोळके. आजोबांनी खाल्ले काय? शास्त्रज्ञांना वाटते, की दगडाने ठेचलेले मांस आणि हाडांची नळी फोडून काढलेला मगज यांवर ते जगले असावेत. दात नसलेल्या आजीला आपण खलबत्त्यात पान कुटून देतो, तसेच काहीसे. आजोबा स्वतःही थोडेबहुत ठेचून घेत असतील. पण शिकार कोण करणार? वाघ आला तर आधार कोण देणार? एकट्या म्हाताऱ्याचे तेथे चार दिवसही निभले नसते. पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतात, की सोबतच्या माणसांनी त्यांना सांभाळले असले पाहिजे.

आणखी एक सांगाडा

इराकच्या कुर्दिस्तानात शानिदार नावाची गुहा आहे. १९५७ साली राल्फ सोलेकी यांना तेथे एका निअँडरथल माणसाचा सांगाडा मिळाला. निअँडरथल म्हणजे आपले जवळचे चुलत. हा माणूस सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वीचा. लहानपणी किंवा तरुणपणी त्याच्या डोळ्याजवळ जबर मार बसला होता, त्या डोळ्याने त्याला बहुधा दिसत नसावे. उजवा हात वाळलेला आणि पुढचा भाग गेलेला. पाय लंगडा. कानानेही कमी ऐकू येत असावे. तरी तो चाळिशीपर्यंत जगला. त्या काळी चाळिशी म्हणजे म्हातारपणच.

आदिमानव काही साधुसंत नव्हते, बरं का. त्याच गुहेतल्या दुसऱ्या एका सांगाड्याच्या बरगडीवर हत्याराचा वार आहे. मारामारी तेव्हाही होती, आणि माया तेव्हाही होती. दोन्ही खुणा हाडांवर आहेत.

आपण सगळे एका घरचे

पुढे ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी तुमच्या-आमच्यासारखी माणसे आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडली आणि जगभर पसरली. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचली. वाटेत निअँडरथल लोकांशी त्यांची सोयरीक झाली. स्वान्ते पाबो यांनी जुन्या हाडांवरून हे सिद्ध केले आणि २०२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही जुने पूर्वज होते. तामिळनाडूत अत्तिरमपक्कम येथे १५ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे मिळाली. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. आपल्या नेवाशाला प्रवरेच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी अश्मयुगातील हत्यारे शोधली.

गोरा-काळा, उंच-ठेंगणा, या गावचा-त्या गावचा, साऱ्यांची वाट मागे मागे गेली की आफ्रिकेतल्या त्याच घराशी पोचते.

मग बलवान कोण?

द्मानिसीच्या रानात सर्वांत बलवान होता खड्गदंती वाघ. आज तो पृथ्वीवर कुठेच नाही. माणसाला ना तसे सुळे, ना नखे, ना धावण्याचा वेग. पण माणसाला सोबत होती. म्हाताऱ्याला ठाऊक असणार, की कोरड्या सालात पाणी कुठे टिकते आणि कोणते फळ विषारी आहे. म्हातारा जगला, तर ते शहाणपणही जगते. म्हणून मित्रांनो, वर्गात कोणी हळू वाचत असेल, कोणाचा पाय अधू असेल, तर त्याला मागे टाकून पुढे पळू नका. घरातल्या आजी-आजोबांचे ताट आधी वाढा. सतरा लाख वर्षांपूर्वीच्या माणसांना हे समजले असेल, तर आपल्याला का समजू नये?

करून पहा : सुट्टीच्या दिवशी शाळेपासून १७७० पावले चाला आणि आजोबा कुठे भेटतात ते पहा. मोठ्या माणसाला सोबत न्या.

सांगा पाहू :
१) दात पडल्यावर आजोबा जगले, हे कशावरून कळले?
२) लुसी हे नाव कसे पडले?
३) लेटोलीची पावले इतकी वर्षे कशी टिकली?
४) तुमच्या आजीला किंवा आजोबांना ठाऊक असलेली, पुस्तकात नसलेली एक गोष्ट विचारून वहीत लिहा.