तारे बघताना रिकामं बसावं

आकाशदर्शनाला लोकांना घेऊन जाण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. पुण्यात हा नाद जुना आहे. इथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. खूप माणसं दाखवून झाल्यावर (हो, तारे दाखवताना माणसंच जास्त दिसतात) मनाशी काही गोष्टी ठरत गेल्या, त्या इथे मांडते.

१. मोसम दिवाळी ते होळी. ययातीचा उल्कावर्षाव ऑगस्टात असतो म्हणून दरवर्षी कुणीतरी फोन करतंच. ऑगस्टात आपल्या वाट्याला येतात ते ढग. त्यापेक्षा १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेचा वर्षाव बघावा, फक्त चंद्र आड येत नाही ना एवढं पंचांगात पाहून घ्यावं. दुसरा ठरलेला फोन जूनमधला: ‘मृग लागला, मग मृग नक्षत्र दाखवा ना!’ मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरला. सूर्याच्या पाठीमागे गेलेले तारे कसे दाखवणार?

२. पहिली वीस-पंचवीस मिनिटं कुणालाही काही दाखवू नये. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ घेतोच. मोबाइल एकदा उघडला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. विजेरीला लाल जिलेटीनचा कागद लावावा. पण खरं सांगायचं तर मला ही मिनिटं डोळ्यांपेक्षा डोक्यासाठी हवी असतात. चटईवर उताणं पडून, कुणी काही न सांगता, नुसतं वर बघत राहिलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, ते माझ्या माहितीपेक्षा कितीतरी चांगले असतात. सुरुवातीला लोक चुळबुळतात. मुलं कधीच चुळबुळत नाहीत, ती लगेच मनोराज्यात जातात. आया मात्र त्यांना ‘लक्ष दे’ म्हणत राहतात.

३. अंधुक गोष्ट बघायची तर तिच्याकडे रोखून बघू नये, जरा शेजारी बघावं. डोळ्याच्या ऐन मध्यावर रंग टिपणाऱ्या पेशींची दाटी असते. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी तिथून बाजूला. देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग असाच सापडतो. त्यातला उजेड निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. हा आकडा सांगून गप्प बसावं.

४. दाखवण्याची पद्धत आपल्याकडे आधीच सांगून ठेवलेली आहे. अरुंधती इवलीशी, म्हणून आधी तिच्याजवळचा ठळक तारा दाखवायचा आणि तिथून नजर तिच्याकडे न्यायची. शास्त्रात याला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. लग्नात भटजी भर दुपारी मांडवाच्या छताकडे बोट करून ती दाखवतात, तिथे मात्र सगळी मदार कल्पनाशक्तीवर!

५. चित्र आधी त्यांना काढू द्यावं. मृगाचे चार कोपरे आणि मधले तीन तारे दाखवून मी विचारते, ‘काय दिसतंय?’ डमरू, पतंग, वाळूचं घड्याळ, एकदा तर ‘आमच्या सरांचा बेल्ट’. हे सगळं बरोबरच आहे. आपल्या पूर्वजांनी चार पायांचं हरीण पाहिलं, तीन ताऱ्यांचा बाण केला आणि तो मारणारा व्याधही बसवला. ग्रीकांना त्याच ताऱ्यांत शिकारी दिसला. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत जाऊन तिथलं आकाश टिपून ठेवलंय. त्यात या तीन ताऱ्यांच्या जागी तिफण आहे आणि सप्तर्षींच्या चौकोनाची झाली आहे खाट, मागचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मला हे हरिणापेक्षा जास्त आवडतं. ज्याच्या घरात जे आहे, तेच त्यानं वर टांगलं.

मात्र चित्र एकदा जमलं की त्याचा उपयोग शिकवावा. बाणाची रेघ आग्नेयेला वाढवली की व्याध सापडतो, उलट दिशेला वाढवली की रोहिणी. शिवाय ओळखीचं चित्र बिघडलं तर लगेच कळतं. २०१९च्या अखेरीस मृगातला तांबूस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत एवढा उतरला की नुकतंच आकाश बघू लागलेल्यांनाही तो जाणवला. आता स्फोट होणार, अशी हवा झाली. निघाला तो धुळीचा आडोसा.

६. ध्रुव निराशा करतो. गोष्टीतला अढळ तारा सगळ्यांत तेजस्वी असणार असं मुलं धरून चालतात, आणि तो निघतो मध्यम प्रतीचा, पुण्याहून जेमतेम साडेअठरा अंश वर. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही थोडा खाली. अशा वेळी त्यांना दक्षिणेकडे वळवावं. अगस्त्य आपल्या सर्वोच्च जागी येतो तेव्हा पुण्याहून जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो, आणि तेजात व्याधानंतर त्याचाच नंबर.

७. वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाची तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा मी जयंत नारळीकरांचा किस्सा सांगते. अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चाललेलं असताना त्यांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली. तीच ‘कृष्णविवर’. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. यावर एक वडील म्हणाले, ‘पण त्यांचं गणित पक्कं होतं.’ हेही खरं.

८. दुर्बीण शेवटी काढावी. आधी काढली की रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

९. मध्यरात्रीनंतर जो झोपेल त्याला झोपू द्यावं, पण फेब्रुवारी असेल तर पहाटे पाचच्या आत हलवून उठवावं. मृग केव्हाच मावळलेला असतो आणि आग्नेयेला नांगीसकट अख्खा वृश्चिक उभा असतो. एवढ्या एका तारकासमूहात विंचू पाहायला कुणालाही कल्पना लढवावी लागत नाही. तो बघून झाला की चहा टाकावा.