दहाची मोळी

केज
नागपंचमी

चि. ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, की दुसरीतली पोरं शंभरापर्यंतची उजळणी घडाघड म्हणतात, दोनचा नि पाचचा पाढा गाण्यासारखा म्हणतात, पण फळ्यावर ५२ वजा २८ मांडलं की निम्मी पोरं उत्तर ३६ काढतात. असं का? फोनवर दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. पण तुझी नोकरी नवी, शाळा दोनशिक्षकी आणि तालुका शिरूर कासार. हे सगळं ध्यानात घेऊन सांगायचं तर नीट लिहिलंच पाहिजे.

आधी ते ३६ कुठून आले ते बघ. पोरानं आठातून दोन काढले, कारण दोनातून आठ जात नाहीत आणि मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला आपणच पहिलीत सांगितलेलं असतं. मग पाचातून दोन काढले. म्हणजे पोर विचार करतंय, नियम पाळतंय, कामचुकारपणा करत नाही. अडचण एवढीच, की त्याच्या लेखी ५२ म्हणजे शेजारी शेजारी बसलेले पाच आणि दोन. त्यातला पाच हा पन्नासाचा आहे, हे त्याच्या तोंडात आहे, मनात उतरलेलं नाही. दुखणं दशकाचं आहे, वजाबाकीत ते फक्त दिसून येतं. म्हणून वजाबाकीची आणखी वीस उदाहरणं घालून ते बरं होणार नाही. छत्तीस वेळा चूक घोटून पक्की होईल, इतकंच.

आता तुझ्याकडं दिवस किती आहेत ते मोज. दसरा झाला की वाडीवस्तीवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागतील. आपल्या जिल्ह्यातून दर साली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला सांगली, सातारा, कोल्हापूरकडं आणि पार कर्नाटकात जातात, ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत फिरतात. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर मोठी पोरं आजी-आजोबांपाशी राहतील. पण पहिली-दुसरीचं लेकरू मागं ठेवायला आईचा जीव होत नाही, आणि आजीही थकलेली असते. तुझ्या पटावरची कितीतरी पोरं ऐन अभ्यासाच्या महिन्यांत फडात असतील. शिक्षण हमी कार्ड तू भरून देशील, कारखान्याजवळच्या शाळेत नाव घालायलाही सांगशील. तरी तिथली शाळा कोपीपासून किती लांब, आणि धाकट्या भावाला कुणी सांभाळायचं, हे प्रश्न त्या कार्डानं सुटत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. पुस्तकातले सगळे धडे दसऱ्याच्या आत ओढून नेऊ नकोस. ट्रकमध्ये बसताना लेकराच्या हातात दशक पडलेला असला पाहिजे. तो पक्का झाला तर बेरीज, वजाबाकी, पुढं गुणाकारसुद्धा पोर परत आल्यावर भराभर उचलतं. तो कच्चा राहिला तर चौथीपर्यंत दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी हे बालाघाटावरच्या शाळांत आयुष्यभर पाहिलं आहे.

कसं करायचं ते सांगतो. गावात तुराट्या हव्या तेवढ्या मिळतात. बोटाएवढे तुकडे करून घे आणि पोरांना मोजायला दे. नियम एकच ठेव, सुट्या काड्या नऊपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. दहावी काडी आली की मोळी बांधायची. तुझ्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही, कारण उसाच्या वाढ्यानं मोळी बांधणारे आई-बाप त्यांनी रोज पाहिलेले असतात. पण गाठ पोरानं स्वतः मारली पाहिजे. बाईंनी आदल्या दिवशी बांधून आणलेल्या मोळीत दहा काड्या आहेत, यावर पोराचा विश्वास बसत नाही. ते पुन्हा एकेक करून मोजत बसतं, आणि त्याचं बरोबरच आहे. दहा मोळ्या झाल्या की त्यांचा भारा. शंभर म्हणजे काय, हे त्या दिवशी कळतं. मग एकशे पाच लिहिताना १००५ लिहिणारं पोर समोर एक भारा, मोळी एकही नाही आणि पाच सुट्या काड्या मांडतं, आणि मधल्या रिकाम्या जागी शून्य का बसतं हे त्याचं त्यालाच दिसतं.

आता तुझी वजाबाकी. पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या मांड, आणि पोराला म्हण, मला अठ्ठावीस दे. ते दोन मोळ्या उचलून देईल. आठ सुट्या कुठून देणार? दोनच आहेत. इथं तू गप्प राहायचं. वर्ग अडेल, एकमेकांकडं बघेल, कुणीतरी दोनच काड्या पुढं करील. तरी बोलू नकोस. थोड्या वेळानं एखादी पोरगी मोळीची गाठ सोडतेच. गाठ सुटून दहा काड्या जमिनीवर पसरल्या की सगळ्यांचे चेहरे बदलतात. बारातून आठ गेल्या, चार उरल्या, शिल्लक मोळ्या दोन. चोवीस. हातच्याची वजाबाकी म्हणजे एवढंच. ‘हातचा’ हा शब्द तू त्यानंतर उच्चार, आधी नाही. काही दिवस काड्यांवर झालं की पाटीवर मोळीसाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढू दे, आणि मग आकडे. एखादं पोर आकड्यांवर अडखळलं तर त्याला खुशाल काड्यांकडं परत जाऊ दे. त्यात मागं पडल्यासारखं काही नाही, आणि तसं त्याला कुणी चिडवणार नाही याची काळजी तू घे.

दुसरी गोष्ट, पोरानं उत्तर दिलं की ‘कसं केलंस?’ हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. उत्तर बरोबर असलं तरी विचार. एखादा सांगेल, अठ्ठाविसात दोन घातले तर तीस, तिसात बावीस घातले की बावन्न, म्हणून चोवीस. ही पुस्तकातली रीत नाही, पण बाजारात सुटे पैसे परत देणारा प्रत्येक माणूस असाच हिशेब करतो. तिला चूक म्हणू नकोस. उलट फळ्यावर मांड आणि दोन्ही वाटा एकाच जागी येतात हे दाखव.

पोरांना येतं किती आणि आपण धरतो किती, यात केवढं अंतर असतं! सीताफळाच्या दिवसांत आपल्याकडची पोरं रस्त्याकडेला वाटे लावून बसतात. पस्तीस रुपयांचा एक असे तीन वाटे घेऊन दोनशेची नोट दिली, तर तिसरीतलं पोर म्हणतं, “दोन वाट्यांचे सत्तर, अन् पस्तीस, एकशेपाच झाले. पाच सुटे द्या, म्हंजे शंभर परत देतो.” गिऱ्हाइकाच्या आधी त्याचा हिशेब झालेला असतो. तेच पोर वर्गात २०० वजा १०५ चं उत्तर १०५ लिहितं. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांना असंच तपासलं. २०२५ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. बहुतेक मुलांचे व्यवहाराचे हिशेब तोंडी चोख निघाले, पण पुस्तकी मांडणीतली गणितं त्यांना आली नाहीत. आणि जी मुलं केवळ शाळेतच गणित शिकली होती, त्यांना बाजारातला हिशेब जमला नाही. दोन्हीकडचं ज्ञान आपापल्या जागी अडकून पडलेलं. ही दोन्ही जोडणारं माणूस वर्गात असतं, ते तू. वर्गात वाटे मांड, खोट्या नोटा कर, आणि पोर तोंडानं जे बोलतं ते त्याच्याच समोर आकड्यांत लिहून दाखव. सत्तर अधिक पस्तीस. ‘हे तूच बोललास, आता असं दिसतं’, एवढं म्हण.

आकड्यांच्या नावांचंही सांगतो, कारण तुझी पोरं ५२ ला २५ लिहितात असंही तू म्हणालीस. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. सहा वर्षांच्या पोरानं ऐकलं तसं लिहिलं, तर त्याचा दोष काय? एकोणतीसचं त्याहून अवघड, कानावर तीस येतो आणि लिहायचे २९. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचनही दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडाली, असं म्हणणारे ‘एकवीस’ हा शब्द पुस्तकात तसाच आहे हे बघायलाही तयार नव्हते. मला त्या बाईंचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. बेळगाव, बागलकोटकडं हंगामाला जाऊन आलेल्या पोरांना विचार. कानडीत ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक नंतर, जसं लिहितात तसं. तू दोन्ही वापर. दोन मोळ्या नि पाच काड्या मांडल्या की आधी ‘वीस पाच’ म्हणू दे आणि लगेच ‘पंचवीस’ म्हणवून घे. पुठ्ठ्याचे पत्ते कर, २० च्या पत्त्यातल्या शून्यावर ५ चा पत्ता ठेवला की २५ दिसतात. आणि एकोणतीस आला की तीन मोळ्या मांडून एक काडी काढून घ्यायला लाव. गाठ सोडावीच लागते, मग ते नाव विसरत नाही.

पाढ्यांबद्दल तुझ्या मनात किंतु आहे असं वाटलं. प्रशिक्षणात कुणी घोकंपट्टी वाईट म्हणालं असेल. पाढे पाठ झालेच पाहिजेत, ताई. फक्त आधी पोरानं ते रचलेले असावेत. चार-चार चिंचोक्यांचे ढीग करत चारचा पाढा स्वतः लिहिला आणि मग रोज म्हटला, तर तो जन्माचा होतो. आपल्या आजोबांच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसुद्धा पाठ असायची. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा पावकीवाचून व्यवहार होत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची गरज ओसरली. त्या सगळ्या परत आणाव्यात असं मी म्हणणार नाही. पण सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द आपल्या घराघरात अजून रोज बोलले जातात. अपूर्णांक पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी आपलं पोर पाव किलो साखर आणि दीड लिटर दूध आणतं, अर्धा कोयता म्हणजे जोडीतलं एकच माणूस, हे त्याला ठाऊक असतं. हे धन वाया घालवू नकोस. पावणेतीन म्हणजे तीन व्हायला पाव कमी, हे दुसरीच्या पोराकडून भाकरीचे तुकडे मांडून वदवून घे. पुढं चौथी-पाचवीतल्या बाईंचं काम सोपं होईल.

निपुण भारत अभियानाची कागदपत्रं भरावी लागतात, ती भर. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला मूलभूत वाचन आणि गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट चांगलंच आहे. पण तक्त्यातल्या खुणांवर विसंबू नकोस. ‘प्रथम’ संस्थेची माणसं २००५ पासून ‘असर’ पाहणीसाठी खेड्यापाड्यांत घरोघर जातात, लेकराला शेजारी बसवून हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. तसं एकेका पोराला जवळ बसवून तू बघ. पाच मिनिटांत जे कळतं ते वर्गाच्या एकसुरी ‘हो बाई’तून कधी कळत नाही.

मुलींकडं जास्त लक्ष दे. फडात धाकट्यांना सांभाळायला आठ वर्षांची मुलगीच राहते, आणि गणित सुटतं ते तिचंच आधी. तिच्या आईला मुकादम सांगतो, उचल इतकी, खाडे इतके, तुमच्याकडं अजून इतके निघतात. ती मान डोलावते, कारण पडताळायला तिच्याकडं काही नसतं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. ही वाढ आपल्या पदरात पुरती पडली की नाही, हे टनाची पावती वाचता आल्याशिवाय आणि उचलीतून मजुरी वजा करता आल्याशिवाय कसं कळायचं? तुझ्या वर्गातली मोळी सोडणारी पोरगी उद्या ही वजाबाकी करणार आहे. म्हणून ती चोख आली पाहिजे असा माझा इतका आग्रह.

जाणाऱ्या प्रत्येक लेकरासोबत एक कापडी पिशवी दे. शंभर तुराट्या, दहा सुतळ्या, आकड्यांचे पत्ते आणि अर्ध्या फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे. फासे टाकायचे, पांढरे पडतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की मोळी बांधायची, ज्याच्या आधी पाच मोळ्या होतील तो जिंकला. मग उलट, पन्नासापासून सुरू करून मोळ्या सोडत शून्यावर यायचं. हा खेळ जाण्याआधी वर्गात भरपूर खेळून घे, म्हणजे कोपीत मोठी बहीण धाकट्याला शिकवील. आईबापांना पालकसभेत तो खेळायला बसव. वाचता न येणारी आईसुद्धा यात लेकराबरोबर खेळू शकते, आणि चुकलं तर तिला लगेच दिसतं.

पिशव्यांचं कापड आणि पुठ्ठे मी इथून पाठवतो, तुझ्या काकूनं जुन्या साड्या काढून ठेवल्याच आहेत. पट किती ते कळव. जाणारी किती आणि राहणारी किती, असे दोन आकडे वेगळे लिही. हमी कार्डावर शेरा लिहिताना ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहू नकोस. ‘९९ पर्यंत दशक-एकक समजतं, हातच्याची वजाबाकी काड्यांवर येते, आकड्यांत अजून नाही’ असं स्पष्ट लिही, म्हणजे तिकडच्या गुरुजींना कुठून धरायचं ते कळेल. हे करताना काही अडलं तर रात्री आठनंतर फोन कर, मी जागा असतो.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझा
काका