मोबाइल दुरुस्ती : हुन्नर कोठवर, गुन्हा कोठून?

तासगावात बेदाण्याच्या सौद्याला येणारा शेतकरी असो की हमाल, स्मार्टफोन आज सर्वांच्या हाती दिसतो. त्यामुळे मोबाइल दुरुस्ती हे रोजीचे चांगले साधन आहे. मात्र या धंद्यातील कायद्याची रेघ कारागीर बंधूंनी नीट ओळखली पाहिजे.

काच, बॅटरी बदलणे ही सरळ दुरुस्ती. मालकाच्या सांगण्यावरून स्वतःच्या फोनचे सॉफ्टवेअर मोकळे करून देणे, म्हणजे 'रूट' करणे, यालाही थेट बंदी नाही. पण वॉरंटी जाऊ शकते, बँकेची काही ॲप चालेनाशी होतात. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

आयएमईआय या १५ अंकी क्रमांकाची गोष्ट निराळी. बोर्ड जळाला, दुसरा बसविला आणि खोक्यावरचा जुना क्रमांक त्यात भरला, तर 'गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी केले' ही सबब कामी येणे कठीण. २०१७ च्या नियमांनी अशा फेरफाराला बंदी केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. म्हणून बोर्ड बदलल्यास पावतीवर तसे लिहून नवा क्रमांक नोंदवावा.

जुना फोन घेताना *#०६# दाबून क्रमांक पाहावा व संचार साथी सेवेवर तपासावा. विकणाऱ्याचे नाव, पत्ता व बिल वहीत ठेवावे.

मालातील ऐब लपवून मिळविलेला नफा हलाल नव्हे, हे आपण जाणतोच. दुरुस्तीला आलेला फोन ही अमानत आहे. आतील फोटो व हिशेबही त्यातच आले.