मोफत उपचारांचा खर्च

मलावी हा आफ्रिकेतला सुमारे दोन कोटी वस्तीचा छोटा देश, जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. तरीही तिथल्या सरकारी रुग्णालयात तपासणी, औषधं, बाळंतपण, ऑपरेशन सगळं मोफत. दक्षिणेतल्या एका जिल्हा रुग्णालयात मी डॉक्टर म्हणून काम केलं. तिथे जे कळलं ते असं.

१. बिल आलं नाही म्हणजे खर्च झाला नाही, असं नसतं.
आजारी माणसाला आधी ‘कबाझा’वर, म्हणजे भाड्याच्या सायकलवर मागे बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं, पुढे मिनीबस. शिवाय सोबत घरचं एक माणूस हवंच; त्याला तिथे गार्डियन म्हणतात. नर्स मोजक्या, त्यामुळे भरवणं, अंग पुसणं, कपडे धुणं सगळं गार्डियनच्या गळ्यात. त्याच्या जेवणाचं त्यानेच पाहायचं. रुग्णालयामागच्या शेडमध्ये चुली पेटायच्या, मक्याच्या पिठाची न्सिमा घोटली जायची.

मुलांच्या वॉर्डात एक आजी होत्या. नातवाला मलेरियामुळे रक्त चढवावं लागलं होतं. ‘चितेंजे’ या छापील कापडाच्या गाठोड्यात त्यांनी एक पातेलं आणि थोडं पीठ आणलेलं. पीठ संपल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्यातली न्सिमा त्यांना वाढली. मी राउंडला गेले की आजी तापाचं विचारत नसत. “डॉक्टर, आज सोडता का?” एवढंच, नर्सच्या तोंडून. मक्याची खुरपणी खोळंबली होती. ती चुकली तर वर्षाचं धान्य गेलं. नातवाची काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये. घरी आणखी नातवंडं होती.

२. भूक आणि मलेरिया एकाच मोसमात येतात.
जानेवारी ते मार्च. जुना मका संपलेला, नवा एप्रिलच्या आसपास हाती येणार, आणि पावसाने डास माजलेले. नेमकं तेव्हाच एका खाटेवर दोन-दोन मुलं.

३. आईला लवकर घरी पाठवतो तो उपचार चांगला.
अतिकुपोषित मुलांना पूर्वी कित्येक आठवडे दाखल करून खास दूध पाजत. आई अडकून पडायची, शेत ओस, मागची भावंडं उपाशी. २००१ मध्ये ब्लांटायरला मार्क मॅनरी या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं घातलेली पेस्ट देऊन मुलांना घरी पाठवायला सुरुवात केली. शिजवायची नाही, पाणी घालायचं नाही, म्हणून ती लवकर नासत नाही. मुलं घरी बरी झाली. गुंतागुंत नसेल तर आज जगभर हाच उपचार होतो. मलावीत ही पेस्ट ‘चिपोंडे’ म्हणून देशातच तयार होते.

४. यंत्र नाही म्हणून बाईला ताटकळत ठेवू नये.
एचआयव्हीची औषधं सुरू करण्याआधी सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशी मोजणारी तपासणी करत, आणि खेड्यातल्या केंद्रांवर तिचं यंत्र नव्हतं. मलावीने २०११ मध्ये ठरवलं, एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला ती तपासणी न करता औषध सुरू करायचं आणि आयुष्यभर द्यायचं. दोन वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेने तीच वाट धरली. शहाणपण नेहमी श्रीमंत देशांकडूनच येतं असं मानणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

५. कपाट रिकामं असेल तर मोफत उपचार कागदावरच राहतो.
बहुतेक औषधं परदेशातून येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचा या मलावीच्या चलनाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं, म्हणजे आयात किती महागली याचा विचार करा. साठा संपला की बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी लिहून द्यावी लागते. ती घडी घालून चितेंजेत ठेवणारी बाई औषध घेणार नाही हे तिलाही माहीत असतं, मलाही. या गोष्टीचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

६. पुढची तारीख देण्याआधी रस्ता विचारावा.
हे मला तिथल्या क्लिनिकल ऑफिसरांनी शिकवलं. ते एमबीबीएस नसतात, पण जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन तेच करतात आणि गावोगावची माहिती त्यांना असते. कशाने याल, सोबत कोण येईल, घरी लेकरांपाशी कोण थांबेल, एवढं ते आधी विचारत. उत्तर अडखळलं की जिल्ह्याला पुन्हा बोलवायचं नाही. पेशंटजवळच राहणाऱ्या ‘हेल्थ पासपोर्ट’ वहीत सगळं नीट लिहून द्यायचं, पुढची तपासणी गावाजवळच्या केंद्रावर, आणि साठा असेल तर गोळ्या महिन्याच्या एकदम.